नगरसभेंतून प्रांतसभेंत

एखाद्या गांवचा म्युनिसिपालिटीचा सभासद प्रांताच्या कायदेमंडळांत निवडून गेला म्हणजे लोक त्याचें अभिनंदन करतांना "आतां आपण वर गेलांत" असें म्हणतात. या 'वर' शब्दांत एक समजूत दडलेली असते. नळ, गटार, दिवाबत्ती आणि रस्ते हीं कामें हलकीं. कायदा, जमीनसारा आणि अंदाजपत्रक हीं कामें भारी. पहिलीं उमेदवारीचीं, दुसरीं कर्तबगारीचीं. तेव्हां वरच्या पायरीवर पाय ठेवल्यावर खालची विसरली तरी चालेल, अशी ती समजूत आहे. हिंदुस्थानांत हा प्रवास ज्यांनीं अगदीं आरंभीं केला त्यांच्यांत सर फेरोजशहा मेहता यांचें नांव अग्रभागीं आहे. मुंबईच्या कॉर्पोरेशनांतून ते मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलांत गेले, तेथून व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत गेले; आणि तरीही कॉर्पोरेशनमधील आपली खुर्ची त्यांनीं अखेरपर्यंत सोडली नाहीं. ती कां सोडली नाहीं हें पाहूं लागलें म्हणजे नगराचें राजकारण आणि प्रांताचें राजकारण यांचें नातें वरील समजुतीहून बरेंच निराळें दिसतें.

फेरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजीं मुंबईंत एका पारशी व्यापारी कुटुंबांत झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून ते एम. ए. झाले, पुढें विलायतेस गेले आणि १८६८ सालीं लिंकन्स इन येथून बॅरिस्टर होऊन परत आले. लंडनच्या मुक्कामांत दादाभाई नवरोजी यांच्या सहवासाचा लाभ त्यांना झाला होता. वकिलीचा जम नीट बसण्याच्या आधींच शहराच्या कारभारांत वादळ उठलें, आणि त्या वादळांतच त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची दिशा ठरली.

१८६५ च्या कायद्यानें मुंबईचा कारभार 'जस्टिस ऑफ दि पीस' म्हणविणाऱ्या सरकारनियुक्त गृहस्थांच्या सभेकडे सोंपविला होता, आणि अंमलबजावणीची सत्ता म्युनिसिपल कमिशनर या एकट्या अधिकाऱ्याच्या हातीं दिली होती. कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड. गृहस्थ मोठे धडाडीचे. रस्ते, गटारें, बाजार यांचीं कामें त्यांनीं झपाट्यानें हातीं घेतलीं. ज्या मंडईला त्यांचें नांव मिळालें, आणि जी पुढें महात्मा फुले यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली, ती मुंबईकरांच्या रोजच्या परिचयाची आहे. परंतु तिजोरींत पैसा किती आहे व तो खर्चण्यास मंजुरी कोणाची, हा विचार क्रॉफर्डसाहेबांच्या स्वभावांत नव्हता. (पुढें १८८८ सालीं पुण्याकडे कमिशनर असतांना ज्यांचें लांचलुचपतीचें प्रकरण गाजलें तेच हे गृहस्थ.) १८७१ सालीं करदाते खवळले. कमिशनरची सर्व सत्ता काढून घ्यावी आणि कारभार एका समितीच्या हातीं द्यावा, अशी हांकाटी सुरू झाली.

अशा वेळीं २६ वर्षांच्या फेरोजशहांनीं जें मत मांडलें तें कोणालाच रुचण्यासारखें नव्हतें. त्यांचें म्हणणें असें कीं, दोष एका माणसाचा नसून घटनेचा आहे. दहा जणांच्या समितीनें रस्ता झाडविला तर तो झाडला गेला नाहीं म्हणून कोणाला जाब विचारणार? अंमल एकाच जबाबदार अधिकाऱ्यानें करावा. परंतु त्या अधिकाऱ्यावर करदात्यांनीं निवडलेल्या सभेचा दाब असावा, पैशाची मंजुरी सभेनें द्यावी आणि हिशेबाची तपासणी तिसऱ्यानेंच करावी. रागावलेल्या जमावापुढें हा विचार मांडणें म्हणजे क्रॉफर्डसाहेबांची वकिली करण्यासारखेंच दिसलें. तथापि १८७२ चा कायदा झाला तेव्हां शहराला निवडणुकीचें तत्त्व मिळालें. कॉर्पोरेशनचे सभासद ६४. त्यांपैकीं ३२ करदात्यांनीं निवडावयाचे, १६ जस्टिसांनीं आणि १६ सरकारनें नेमावयाचे. मतदानाचा हक्क सर्वांना नव्हता, ठराविक कर भरणाऱ्यांनाच होता. तरीही अर्धी सभा लोकांनीं निवडलेली, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. या नव्या कॉर्पोरेशनमध्यें फेरोजशहा आरंभापासून बसूं लागले.

म्युनिसिपल कामाचा एक मोठा गुण असा आहे कीं, त्यांत बोललेल्या शब्दाचा पडताळा लवकर येतो. पाणी मिळेल असें म्हटलें तर नळाला पाणी आलें पाहिजे. मुंबईला १८६० मध्यें विहारचें, १८७९ मध्यें तुळशीचें आणि १८९२ मध्यें तानसाचें पाणी मिळालें. यांतील प्रत्येक तलावामागें कर्ज, कर, मक्तेदार, इंजिनियर आणि ताळेबंद यांची न संपणारी चर्चा होती. सभासद कितीही वक्तृत्वसंपन्न असो, नळाची तोटी वक्तृत्वानें वाहत नाहीं. अहवाल वाचावा लागतो, आंकडे पाठ असावे लागतात, आणि अधिकाऱ्यानें एका वर्षीं दिलेलें उत्तर दुसऱ्या वर्षीं त्याच्यापुढें ठेवावें लागतें. १८८४ आणि १८८५ अशीं दोन वर्षें फेरोजशहा कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते. बोरीबंदरासमोरच्या ज्या भव्य इमारतींत कॉर्पोरेशन बसतें तिची कोनशिला १८८४ सालींच लॉर्ड रिपन यांच्या हस्तें बसली. इमारत पुरी व्हावयास १८९३ साल उजाडलें. १८८५ च्या जानेवारींत त्यांनीं काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षाच्या अखेरीस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत राष्ट्रसभेची पहिली बैठक झाली.

गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या कारकीर्दींत फेरोजशहांची नेमणूक मुंबईच्या कायदेकौन्सिलांत झाली. नेमणूक हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. १८६१ च्या कायद्याप्रमाणें चाललेल्या त्या कौन्सिलांत निवडणूक मुळींच नव्हती. सरकारनें बिल आणावें, बिनसरकारी सभासदांनीं त्यावर बोलावें, आणि सरकारी बहुमतानें तें पास व्हावें, एवढेंच तेथील काम. सभासदाला प्रश्न विचारतां येत नसे, अंदाजपत्रकावर बोलतां येत नसे. म्युनिसिपल सभागृहांतून उठून तेथें जाणाऱ्या माणसाला हें कसें वाटलें असेल याची कल्पना करणें अवघड नाहीं. एका घरांत त्याच्या मतानें करांची पट्टी ठरत होती. दुसऱ्या घरांत त्याचें मत कागदावर नोंदवून बाजूस ठेवण्यांत येत होतें. नांवानें तें घर मोठें, सत्तेनें तें धाकटें.

असें असूनही त्या कौन्सिलांत बसण्याचा उपयोग काय, याचें उत्तर १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें दिलें. मुंबई शहराच्या कारभाराचा नवा कायदा कौन्सिलांत आला तेव्हां कॉर्पोरेशनचा अधिकार मर्यादित ठेवून कमिशनरला स्वतंत्र सत्ताधीश करण्याकडे सरकारचा कल होता. सरकारी बाकांवर कायद्याची भाषा जाणणारे पुष्कळ होते. परंतु एखाद्या कलमानें कमिशनरच्या टेबलावर आणि कॉर्पोरेशनच्या बैठकींत प्रत्यक्ष काय घडेल, हें अनुभवानें सांगणारे थोडे होते. फेरोजशहा आणि तेलंग यांनीं तें सांगितलें, व तें इतक्या तपशिलानें सांगितलें कीं सरकारला कित्येक ठिकाणीं माघार घ्यावी लागली. कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर असे तीन अधिकारी त्या कायद्यानें निर्माण केले. शहराचा कारभार कॉर्पोरेशनचा, हें एका वाक्यांत म्हटलें. अंमलबजावणीची सत्ता कमिशनरची, हें त्याच कलमांत पुढें म्हटलें. १८७१ सालीं जो विचार करदात्यांना कडू लागला होता तोच सतरा वर्षांनीं कायदा होऊन आला. सभासदांची संख्या ७२ झाली. ३६ वॉर्डांतून, १६ जस्टिसांकडून, २ व्यापारी मंडळाकडून, २ विद्यापीठाच्या फेलोंकडून आणि १६ सरकारकडून. पुष्कळ दुरुस्त्या होऊनही मुंबईच्या कारभाराचा पाया तोच कायदा आहे. नगरसभेंतील अनुभव प्रांतसभेंत गेला आणि कायदा बनून नगरसभेंत परत आला. फेरोजशहा दोन्ही घरांत नसते तर हें घडतें ना.

यानंतर १८९२ चा इंडियन कौन्सिल्स ॲक्ट आला. बिनसरकारी सभासदांना प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्क मिळाला. अंदाजपत्रकावर मत देण्याचा नाहीं. कांहीं जागांकरितां म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डें, विद्यापीठ, व्यापारी मंडळ अशा संस्थांनीं नांवें सुचवावींत आणि गव्हर्नरनें तीं नेमावींत असें ठरलें. 'निवडणूक' या शब्दाचीच विलायतच्या मुत्सद्द्यांना इतकी धास्ती, कीं कायद्यांत तो शब्द येऊं दिला नाहीं. परंतु प्रत्यक्षांत झाली ती निवडणूकच. मुंबईच्या कॉर्पोरेशनला एक जागा मिळाली, आणि १८९३ सालीं कॉर्पोरेशननें फेरोजशहांना पाठविलें. मतदार उणेपुरे ७२. त्यांतही सरकारनें नेमलेले १६! आजच्या मतदाराला हंसूं येईल. पण येथूनच एक गोष्ट नवी सुरू झाली. प्रांतसभेंत बसणारा सभासद गव्हर्नरच्या मर्जींतून न येतां गांवच्या सभेंतून येऊं लागला, आणि परत जाऊन त्याच सभेला तोंड दाखविणें त्याला भाग पडलें. स्थानिक संस्थांनीं प्रांतिक सभासद निवडण्याची ही पद्धत पुढें अगदींच लोपली असें नाहीं. आजच्या महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकीं २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रतिनिधींनीं निवडावयाच्या असतात.

पुण्याकडेही हाच मार्ग चोखाळला जात होता. लोकमान्य टिळक १८९५ सालीं पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद झाले आणि त्याच सालीं लोकल बोर्डांच्या मतदारसंघांतून कौन्सिलांत गेले. नामदार गोखल्यांचा क्रम उलटा. ते आधीं कौन्सिलांत गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं पुणें म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले.

मुंबई कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांनीं फेरोजशहांना व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत पाठविलें. तेथें १८९५ च्या आरंभीं पोलिस कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आलें. गांवांत दंगा झाला तर जादा पोलिसांचा खर्च रहिवाशांपैकीं कोणावर बसवावयाचा, हें मॅजिस्ट्रेटनें ठरवावें, असा त्याचा मतलब होता. रीतसर पुरावा व चौकशी झाल्याखेरीज कोणाच्या डोक्यावर खर्च लादावयाचा नाहीं, हें कॉर्पोरेशनच्या सभागृहांत रोज बोललें जाणारें तत्त्व. फेरोजशहांनीं तेंच तेथें बोलून दाखविलें, आणि अधिकाऱ्यांच्या हातीं असली सत्ता देणें घातक आहे असें स्पष्ट सांगितलें. फडणिशी सांभाळणारे सर जेम्स वेस्टलंड यांना हा प्रकार इतका अपूर्व वाटला कीं, कौन्सिलांत एक नवेंच वारें शिरलें आहे अशी तक्रार त्यांनीं उघडपणें केली. कलकत्त्यास तें नवें असेल. मुंबईच्या कमिशनरला तें वीस वर्षांपासून ठाऊक होतें.

परंतु या प्रवासांत सर्वत्र यशच आलें असें मानणें खरें होणार नाहीं. १९०१ च्या उन्हाळ्यांत महाबळेश्वरास सरकारनें जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें. नुकताच १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ होऊन गेला होता. हजारों खातेदारांचा सारा थकला होता. ज्यांची जमीन सारा न भरल्यामुळें सरकारजमा होईल, त्यांना ती परत देतांना विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क देऊं नये, असें सरकारचें म्हणणें. जमिनीच्या दप्तरांत जिला 'नवी शर्त' म्हणतात तिचें मूळ येथें आहे. सरकारचा युक्तिवाद असा कीं, रयत सावकाराच्या पाशांत सांपडली आहे. जमीन विकतां येत नसेल तर सावकार ती गिळणार नाहीं. हा युक्तिवाद केवळ ढोंग होता असें म्हणवत नाहीं. सावकारीचा जाच खरा होता आणि दख्खनमध्यें त्यावरून १८७५ सालीं दंगेही झाले होते. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी होती. जमीन गहाण टाकतां येत नाहीं म्हणजे अडीअडचणीला कर्ज मिळत नाहीं. सावकाराचें कुळ होण्याऐवजीं रयत सरकारचें कुळ होते. आणि दुष्काळांत सारा थकला हा काय रयतेचा गुन्हा, कीं त्यासाठीं वडिलार्जित जमिनीवरील हक्क जावा?

बिल ऑगस्टांत पुण्यास पास करावयाचें होतें. फेरोजशहांनीं फार मोठी मागणी केली नाहीं. घाई करूं नका, लोकांचीं आणि जाणत्यांचीं मतें मागवा, कांहीं महिने थांबा, एवढीच त्यांची सूचना. मतें मोजलीं. सरकारी सभासदांचीं मतें आधींच मोजलेलीं होतीं म्हटलें तरी चालेल. सूचना फेटाळली गेली. तेव्हां फेरोजशहा उठले आणि सभागृह सोडून बाहेर गेले. त्यांच्या मागोमाग गोखले, भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, गोकुळदास पारेख आणि दाजी आबाजी खरे हेही उठले. असा प्रकार त्या सभागृहानें पूर्वीं पाहिला नव्हता. बिल अर्थातच पास झालें.

या सभात्यागावर त्या काळीं दोन तऱ्हेची टीका झाली. कांहींना तो उद्धटपणा वाटला, कांहींना निरर्थक. पण कॉर्पोरेशनमध्यें पाव शतकाहून अधिक काळ बसलेल्या माणसाच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याचा अर्थ उलगडतो. नगरसभेंत हरलेला सभासद पुढच्या बैठकीस चार मतें अधिक जमवून येतो. तेथें हार कायमची नसते, म्हणून तेथून उठून जाण्याचें कारण नसतें. प्रांतसभेंत मतें जमवावयाचीं कोठून? युक्तिवाद ऐकून ज्याचें मत बदलेल असा सरकारी सभासदच तेथें बसत नव्हता. तेथें राहून मत देणें म्हणजे त्या कायद्याला चर्चेचा देखावा पुरविणें, एवढाच अर्थ उरला होता. सभागृहांत उठून जाणें हें फेरोजशहांच्या प्रकृतीला मानवणारें नव्हतें. ते बसून, आंकडे काढून, थकवून जिंकणाऱ्यांपैकीं होते. म्हणूनच तो प्रसंग त्यांच्या चरित्रांत इतका उठून दिसतो. त्याच सुमारास प्रकृतीच्या कारणानें त्यांनीं व्हाइसरॉयच्या कौन्सिलांतील जागा सोडली व तेथें गोखले गेले. कॉर्पोरेशनमधील जागा मात्र त्यांनीं सोडली नाहीं.

तेथें तरी सर्व कांहीं सुरळीत होतें काय? नव्हतें. इतकीं वर्षें एकाच माणसाचा शब्द चालत राहिला म्हणजे त्या शब्दाला धार येते तशी जरबही येते. फेरोजशहा बोलले कीं विषय संपला, अशी स्थिति कॉर्पोरेशनमध्यें पुष्कळदां असे, आणि तरुण सभासदांना ती खुपत असे. ही तक्रार सर्वस्वीं खोटी नव्हती. तिचा फायदा घेऊन १९०७ सालीं कांहीं बड्या युरोपियन अधिकाऱ्यांनीं आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हेट फ्रेझर यांनीं एक कंपू उभारला. जस्टिसांनीं १६ सभासद निवडावयाचे होते. कंपूनें आपले १६ उमेदवार ठरविले आणि मतें खेंचलीं. राष्ट्रसभेचे एके काळचे अध्यक्ष, व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत गाजलेले वक्ते, 'सर' ही पदवी मिळालेले फेरोजशहा सतरावे आले! एका मतदारसंघांत, एका शहरांत, सतरावे. पुढें निवडून आलेल्या एका सभासदाचा म्युनिसिपालिटीशीं मक्त्याचा संबंध असल्याचें ठरून त्याची निवड रद्द झाली आणि फेरोजशहा आंत आले. शहरांत या प्रकरणानें खळबळ उडाली. माधवबागेंत मोठी निषेधसभा भरली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, एवढ्या मोठ्या क्षेत्रांत वावरल्यावर या गल्लींतल्या भांडणांत कशाला पडावें? फेरोजशहांनीं ती जागा शेवटपर्यंत लढविली. कौन्सिलांत त्यांच्या शब्दाला जें वजन होतें तें कोठून येतें, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. आणि तें त्यांच्या विरोधकांनाही ठाऊक होतें, म्हणून तर घाव तेथें घातला.

त्याच १९०७ सालीं एक जुना वाद मिटला. मुंबई शहराच्या पोलिसांचा खर्च कॉर्पोरेशनवर लादलेला होता. त्या पोलिसांवर हुकमत मात्र सरकारची. खर्च आमचा आणि अंमल तुमचा, हें अन्यायाचें आहे, असें फेरोजशहा कित्येक वर्षें म्हणत आले होते. पोलिसांचा भार सरकारनें घ्यावा आणि त्याच्या बदल्यांत प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार कॉर्पोरेशननें उचलावा, असा तोडगा अखेर कायद्यानें मान्य झाला. कॉर्पोरेशनच्या शाळा खऱ्या अर्थानें कॉर्पोरेशनच्या झाल्या त्या तेव्हांपासून. ५ नोव्हेंबर १९१५ रोजीं फेरोजशहांचें निधन झालें.

त्यांच्यामागें प्रांतसभेंत विठ्ठलभाई पटेल होते. म्युनिसिपालिट्यांना आपल्या हद्दींत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा देणारें बिल त्यांनीं मुंबईच्या कौन्सिलांत आणलें आणि १९१८ सालीं त्याचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानांतील तो अशा प्रकारचा पहिला कायदा. शाळा कोठें काढावी आणि मुलें कशीं आणावींत हें प्रांतानें ठरविलें नाहीं. ज्या गांवची मुलें त्या गांवच्या सभेवर तें सोंपविलें. मुंबई शहरासाठीं निराळा कायदा १९२० सालीं करण्यांत आला. विठ्ठलभाई स्वतः, प्रांतिक कायदेमंडळ गाजवून झाल्यावर, १९२४ सालीं मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, आणि पुढच्याच वर्षीं मध्यवर्ती असेंब्लीच्या अध्यक्षपदीं निवडून आले.